अजून ठरलेलं नाही

खडूची पेटी माझ्याकडं असते, कारण अक्षर माझं बरं.
गल्लीच्या या तोंडाच्या फळ्यावर मीच लिहितो,
त्या तोंडाच्याही.
दुःखद निधन. हार्दिक अभिनंदन.
रक्षाविसर्जन पंचगंगा घाटावर, सकाळी साडेआठ.
मरणाला आणि दहावीच्या निकालाला
दोन्ही तालमींना एकच माणूस चालतो.

निवडणूक लागली की चालत नाही.
"तू कुनाचा?"
हे मिसळीवर कट ओतता ओतता विचारतात,
आणि उत्तर द्यायच्या आत
पंधरा वर्षांच्या दोस्तानं बाकडं बदललेलं असतं.
मुंबईत कोण रात्रीत कुणाला सोडून गेला
त्याचा हिशेब
आमच्याकडं साखरपुड्याच्या पंगतीत होतो.

यंदा चक्कीवाले जिनपाल मगदूम म्हणाले,
"मधल्यांचा एक फळा पायजे."
मधले म्हणजे किती, चार-दोन असतील,
असं म्हणत मोजायला बसलो.
सीपीआरमधली सिस्टर फरझाना मुजावर.
पंक्चरवाला धोंडिबा.
सुलभा कारेकर, ज्यांची ठेव
आधी या गटाच्या पतसंस्थेत बुडाली,
उरलेली त्या गटाच्या.
माझी बायको,
जिनं लग्नापासून मला मत सांगितलेलं नाही.
पिठाच्या पिशवीच्या मागं नावं लिहीत गेलो,
पिशवी पुरली नाही.
दोनशे बारा.
गेल्या वेळी आमदारकी फिरली नऊशेनं.
"असल्या पाच गल्ल्या," मगदूम म्हणाले
आणि पट्टा बंद केला.
इतकं शांत मी त्या चक्कीत कधी ऐकलं नव्हतं.

मग काय लिहायचं यावरून तीन रात्री गेल्या.
मधली माणसं भांडतात तेव्हा आवाज चढत नाही,
चहा गार होतो.
धोंडिबा म्हणाला, "लिवा, दोघंबी चोर."
कारेकरबाईंनी चष्मा काढला.
"हे म्हटलं की आपण मोकळे, घरी जाऊन झोपायला.
त्यांनाही तेच हवंय."
फरझाना ड्यूटीवरून थेट आलेली.
"डोकी फुटून दोन्हीकडची येतात.
पोरांचीच येतात. उमेदवाराचं अजून एकदाही आलं नाही."
कुणी हसलं नाही.
कुणीतरी पीठ चाळत राहिलं, उगाच.

शेवटी चक्कीच्या भिंतीला काळा रंग दिला
आणि मी लिहिलं, जरा मोठं, शिरोरेघ सरळ ठेवून:

*या गल्लीतल्या दोनशे बारा मतांचं
अजून ठरलेलं नाही.
ज्याला पाहिजे त्यानं पायरीवर येऊन बसावं.
आधी समोरच्याचं एक चांगलं काम सांगावं.
मग आपलं बोलावं.*

दोन दिवस नुसती बघायला गर्दी.
पोरं म्हणाली, नाद खुळा.
ज्यांना मी अभिनंदनं लिहून दिली होती
त्यांनी माझ्याकडं बघणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी एकाची गाडी थांबली.
बसला. पायरीवर पीठ होतं, पांढऱ्या विजारीला काय फरक पडतो.
पाणी मागितलं. प्यायला. परत मागितलं.
मग जमिनीकडं बघत म्हणाला,
"नाल्याचं काम... त्यानं केलंय. बरं केलंय."
आणि पटकन वर बघून, "व्हिडिओ नका काढू हां."
कोणी काढत नव्हतं.
एवढ्या एका वाक्यानंतर तो जे बोलला
ते भाषणासारखं नव्हतं. अडखळत होता.
आम्ही पहिल्यांदाच त्याचं ऐकलं.

दुसरा आला नाही.
त्याच रात्री कुणीतरी ओलं फडकं फिरवून
फळा पुसला.
माहितीय मला कोण, खडू त्यालाही मीच देतो.

पण ओला फळा वाळला की
जुनी अक्षरं खालनं वर येतात,
हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.
सकाळी उन्हात *ठरलेलं नाही* एवढं पुसट दिसत होतं,
आणि त्याच्याखाली, ताज्या खडूनं,
वाकड्या, माझ्या नसलेल्या अक्षरात:

*मागच्या बोळातले एकोनसाट बी धरा.*