बसणाऱ्याचं वजन

किल्ली फिरवली. टक्.
परत फिरवली. टक्.
घुम्या पोरानं जिभेनं टाळू वाजवावी, तेवढंच,
आणि पुढं काही नाही.

मे संपत आला. विस्कॉन्सिनचं गवत
पाच महिने बर्फाखाली दम धरून असतं,
मग एकदा सुटलं की कुणाचं ऐकत नाही.
टाउनशिपचं पत्र आलंय, गुलाबी कागदावर:
आठ इंचांच्या वर गेलं तर दंड.
मोजपट्टी घेऊन अंगणात वाकले. साडेसात.

ऑर्लोची वही उघडली.
चोवीस वर्षांत मला चार चिठ्ठ्या लिहिल्या असतील त्यानं,
या यंत्राला मात्र वहीभर.
'बॅटरीच्या टोकांवर पांढरं धरतं.
खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश.'
घासलं. फसफसून फेस आला.
'जुनं पेट्रोल आंबतं. नाकानं ओळखावं.'
ओळखलं. उपसलं. नवं भरलं.
'एअर फिल्टर उघडताना हळू.'
हळू का, ते लिहिलं नव्हतं.
आत उंदरीण, चार गुलाबी पिल्लं,
आणि अंथरायला माझ्या हरवलेल्या मोज्याची लोकर.
बुटांच्या खोक्यात घालून
लाकडाच्या ढिगामागं ठेवून आले सगळं बिऱ्हाड.
त्यात अर्धी दुपार गेली.

स्पार्क प्लग बदलला. फ्यूज उजेडात धरून पाहिला.
बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली.
सकाळी बसले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली.
आता टक् सुद्धा नाही.

मग शेजारच्या स्कोगनांचा टोबायस आला,
शाळेच्या फुटबॉलमध्ये भिंतीसारखा उभा राहणारा.
सहज बसला, सहज फिरवली,
आणि ते खुशाल धडधडलं.
मी बसले. ढिम्म.
तो बसला. घर्रर्र.
असं तीनदा झालं.
तिसऱ्यांदा त्यानंच माझी नजर चुकवली,
जणू माझ्या घरातलं कुणी
माझ्यादेखत फक्त त्याच्याशी बोलत होतं.

व्हर्लिनला दुकानात फोन लावला.
सगळं ऐकून तो खाकरला.
'राग मानू नका, एडविना, पण तुमचं वजन किती?'

सीटखाली एक बटण असतं म्हणे.
कुणी बसलं की दबतं, दबलं तरच यंत्राला कळतं
वर माणूस आहे.
ऑर्लो दोनशे चाळीस पौंड.
धक्के बसू नयेत म्हणून त्यानं खालची स्प्रिंग
आपल्या मापानं आवळून घेतलेली.
मी ऑक्टोबरपासून एकशेनऊ.
यंत्राच्या लेखी सीट रिकामी.

'दोन वायरी जोडून टाकतो,' व्हर्लिन म्हणाला,
'मग त्याला कायम वाटत राहील, कुणीतरी बसलंय.'
नको, म्हटलं.
तसं वाटून घेणं या घरात
एकीचं चाललंय तेवढं पुरे.

गॅरेजच्या कोपऱ्यातून पक्ष्यांच्या दाण्यांचं पोतं ओढलं,
चाळीस पौंड सूर्यफुलाच्या बिया.
मांडीवर घेतलं, कोपरांनी आवळलं.
किल्ली.
फळीवरचे खिळ्यांचे डबे खुळखुळले.
टोबायसनं टोपी उडवली, ती छपरावर अडकली.

तळ्याकडच्या कुंपणाशी वळले तेव्हा दिसलं:
पोत्याला उंदरांनी आधीच भोक पाडलेलं,
आणि कापत आलेल्या पट्ट्यावर माझ्यामागं
काळ्या बियांची रेघ, बारीक, नागमोडी.
थांबून बोटानं भोक दाबावं, तर हात दोनच.
उतरावं, तर हे बंद पडेल.

उगवतील त्यातल्या काही.
पुढच्या शनिवारी मीच त्यांच्यावरून जाईन.
तोवर स्प्रिंग सैल करायला
अर्धा इंची पाना शोधायचाय.
वहीत लिहिलंय, 'नेहमीच्या जागी.'