कागद जाड आहे

सकाळी साडेनऊपासून उभी आहे,
चौकाच्या ज्या कोपऱ्यावर ऊन उशिरा पोचतं तिथे.
पिशवीत तीनशे पत्रकं.
छापखान्यातल्या एल्बियोने दहा टक्के सूट दिली
आणि पैसे मोजता मोजता विचारलं,
'तब्येत बरी आहे ना, नेलिदा?'

रस्त्यापलीकडे माझ्या भावाची भट्टी.
वॉशिंग्टन त्याचं नाव. पायसांदूत अशी नावं ठेवतात,
ती ठेवायला कुणी राष्ट्राध्यक्ष असावं लागत नाही.
काटेरी झाडाचं लाकूड रचून तो विस्तव करतो,
निखारे फावड्याने जाळीखाली ओढतो,
मग बरगड्या, मग आतडी, मग गप्पा.
वारा असा बेइमान
की धूर आधी माझ्याकडे येतो, मग गिऱ्हाइकाकडे.
आणि खोटं कशाला बोलू,
तोंडाला पाणी सुटतं.
दोन वर्षं आठ महिने झाले, अजून सुटतं.
हे पत्रकात छापलेलं नाही.

लोक घेतात. न बघता घेतात,
जसा पावसाचा थेंब हातावर घ्यावा लागतो.
काही जणांचे हात मला बघून खिशात शिरतात.
एका बाईंनी लांबूनच सांगितलं,
'आम्ही कॅथलिक आहोत,'
आणि माझी समजूत घातल्यासारखं हसल्या.
एक दहा वर्षांची मुलगी मात्र थांबली.
'दूध नाही?'
नाही.
'चीज?'
नाही.
'मध?'
मधही नाही, बाळा.
तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं,
आणि हातातली अर्धी बिस्किटं मला दिली.
त्यात लोणी होतं. मी पिशवीत ठेवली.

अकराच्या सुमारास दोन एलेउतेरियो परत आले.
मघाशी पत्रक घेऊन गेलेले तेच,
काखेत थर्मास, डोक्यावर बसकी टोपी,
पायात अजून गुरं हाकणाऱ्याची चाल.
'चित्र चुकलंय,' म्हणाले.
'वर लिहिलंय दूध, खाली गाय हेरफर्ड.
ही मांसाची. हिचं वासरू सहा महिने अंगाशी असतं.
दुभतीचं पहिल्याच दिवशी नेतात.'
थर्मासचं झाकण फिरवलं, परत घट्ट केलं.
'मी नेलीत. एकोणीस वर्षं.
ढकलगाडीत घालून, कारण त्यांना चालता येत नसतं.
मागे तीन रात्री हंबरडा.
चौथ्या रात्री गप्प.
आम्ही म्हणायचो, विसरली.'

मी म्हटलं, हे लिहून द्याल?
पुढच्या वेळी छापू.
'मला जेवायला जायचंय,' म्हणाले
आणि रस्ता ओलांडून
थेट वॉशिंग्टनच्या बाकावर जाऊन बसले.
मेज डुगडुगत होतं.
त्यांनी माझं पत्रक चौपदरी घडी करून
पायाखाली सरकवलं, हाताने दाबून पाहिलं,
मग बरगड्या मागवल्या.
सावकाश खाल्ल्या. हाडं नीट एका बाजूला.
मेज जराही हललं नाही.
इथून मला दिसत होता
घडीबाहेर आलेला गायीचा एक कान.

एक वाजता भाऊ ताट घेऊन आला.
साल काळी पडलेलं रताळं, वर मीठ.
'वेगळ्या कोपऱ्यावर भाजलंय,'
मी काही विचारायच्या आत म्हणाला.
मग पिशवीकडे बघत,
'थोडी देतेस?'
वाटायला?
'पेटवायला. संध्याकाळचा विस्तव. कागद जाड आहे.'
आमची आई अशा वेळी दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालायची.
मी मूठभर दिली.

मग कठड्यावर बसले,
उरलेली मांडीवर घेतली
आणि प्रत्येकावर, चित्राच्या खाली,
बॉलपेनने लिहीत गेले:
गाय ही नव्हे. दुसरी.
रात्री: तीन.

सदतिसाव्या पत्रकावर पेन सुकलं.
झटकलं, फुंकलं, तळव्यावर ओढून पाहिलं.
पलीकडून वॉशिंग्टन बघत होता.
त्याने चिमट्याने राखेतला एक विझका कोळसा उचलला
आणि उंच धरून दाखवला:
चालेल?