वेळेची दुरुस्ती

अर्ज लहान आहे साहेब, एका रकान्यापुरता.
मयताचं नाव बरोबर : मन्मथ संगप्पा मंठाळे.
वय बरोबर, एकेचाळीस.
वेळ तेवढी खोडायची.
पहाटे तीन छप्पन्न नव्हे.
रात्री साडेअकरा.

हसा.
मागचे तलाठीही आधी हसले, मग त्यांनी चहा मागवला.
औशाच्या कचेरीत शिपायापर्यंत सगळे मला ओळखतात :
भूकंपात डोकं गेलेला.
डोकं जाग्यावर आहे. बघा,
मी किती क्रमानं सांगतो.

गणपती तेरणेत सोडून पोरं परतली होती.
गल्लीत गुलाल, चिखल, भिंतीला टेकवलेले ढोल.
गिरणी दोघांची. इंजिन त्याचं, जागा माझी,
आणि हिशेबाची वही...
वहीबद्दल मी बोलणार नाही.
तो पट्टा चढवायला वाकला.
मानेवर पिठाचा थर होता, खाली एक शीर हलत होती.
मला राग नव्हता हो. हेच कुणाला पटत नाही.
राग असता तर ओरडलो असतो.
मी पाना उचलला,
जसा रोज उचलायचो.

पिठात रक्त लगेच दिसत नाही.
आधी पीठ ओलं होतं,
मग त्याची कणीक होते.

पोत्यांच्या आड मी त्याला मांडी घालून बसवलं.
आमच्यात बसवूनच पुरतात.
तेवढं मी केलं. हेही लिहून घ्या.

इंजिन बंद करायला परत आत जाववेना.
धुराड्यावरचा डबा वाजत राहिला
पुक् पुक् पुक् पुक्
सणाच्या रात्री कुणाचं दळण?
एकानंही विचारलं नाही. गाव दमून पडलेलं.

घरात माळवदाखाली बायको, दोन लेकी निजलेल्या.
मी अंगणात बसलो होतो,
सकाळी काय सांगायचं ते जुळवत.
म्हणून वाचलो.
कळतंय का साहेब? त्याच्यामुळं वाचलो.

आणि मी मनात म्हणलं होतं, शप्पथ,
कुणीतरी ह्याच्यावर माती लोटा रे.
मी मूठभर मागितली होती.

नंतरचं तुमच्या कागदात आहे.
दगड, पांढरी माती, चुना, तोंडाला फडकी बांधलेले जवान.
त्यातला एक पोऱ्या गिरणीच्या ढिगाऱ्यातून ओरडला,
"ये तो बैठा हुआ है!"
सगळे थबकले. मीही.
मग त्याला आडवा करून लाकडांवर घातलं, माझ्या लेकींशेजारी.
जातपात बघायला वेळ नव्हता.
ओळख पटली म्हणून सही कुणाची?
बघा की. माझीच.

भागीरथी वहिनी अजून पुरणाचा डबा पाठवते.
म्हणते, भाऊजी, आपण दोघंच उरलो.
डबा घासून परत देतो.
नवं गाव सरळ रेषेत आहे, घरांना नंबर आहेत,
गिरणी विजेवरची, तिला आवाज फक्त घरघरीचा.

पण रात्री साडेअकराला
जुन्या गावाकडनं, बाभळीच्या मुळांखालनं
सुरू होतं.
पहिली काही वर्षं मी कानात कापूस घालायचो.
मग पायांतून येऊ लागलं.
खाटेचे पाय विटांवर ठेवले,
विटा वाजायला लागल्या.
टाकीत पाच लिटर डिझेल होतं, मीच ओतलेलं,
पाच लिटर किती वर्षं पुरतं?
तुम्ही शिकलेले आहात, सांगा.

ते तीन छप्पन्नची वाट बघत चालतं.
तोवर मी हिशेब करतो :
साडेअकरा ते तीन छप्पन्न, चार तास सव्वीस मिनिटं.
एवढ्याच वेळाचा मी मालक आहे.
बाकीची सगळी मेलेली माणसं धरणीची,
हा एक माझा.
त्याला त्या यादीतनं काढा.
गर्दीत बसून तो सगळ्यांना सांगत असणार,
लेकींनाही.

शाई घ्या साहेब.
एकच ओळ.
नाही? ऐकू येत नाही?
पंखा बंद करा.