अळणी

आईची कूस बदलायला आधी दोन माणसं लागायची,
आता माझा एक हात पुरतो.
दुसऱ्या हातानं मी चादरीची सुरकुती ओढते
आणि डोळे मिटूनच ती म्हणते,
"नीट ओढ की गे वैजू,
तुला कधी काय सरळ जमलंय?"

वडगावात अजून माग चालतात.
होसूरांच्या माडीखाली चार आहेत,
खटक-खट, खटक-खट.
जन्मभर या तालावर तिनं कांड्या भरल्या.
आता तिचा श्वास
मध्येच एखादा धागा सोडतो, पुन्हा पकडतो.

डॉक्टरांनी मला कन्नडमध्ये सांगितलं, किती दिवस.
मी तिला मराठीत सांगितलं.
दिवस तेवढे वाटेत गाळले.
"एवढंच बोलला तो?" तिनं विचारलं.
"ती भाषा लांबलचक असते," मी म्हटलं.
ती हसली नाही.

बैलहोंगलच्या मल्लेशीचं नाव काढलं
तेव्हा ती कांडी भरत होती.
चाक थांबवलंसुद्धा नाही तिनं.
"आज बोली सोडलीस,
उद्या ताटातलं सोडशील."
अक्षता टाकायला आली नाही.
आणि खरंच, पहिल्याच वर्षी
मटण सुटलं माझं.
कुणी सोडायला लावलं नव्हतं.
हे मी तिला कधी सांगितलं नाही,
चौदा वर्षांत सांगायची वेळच आली नाही.

परवा तिनं रस्सा मागितला.
काय मागतील ते द्या, असं डॉक्टर म्हणालेच होते.
दुकानदारानं खिम्याचं विचारलं, मी मान हलवली,
कशाला हलवली ते मलाच कळलं नाही.
कांदा-खोबरं भाजताना हात काही विसरला नव्हता,
मीठ तेवढं अंदाजानं.
पहिला चमचा तिनं तोंडात घोळवला बराच वेळ.
"अळणी."
मग, दम घेऊन,
"चाखायचं पण चालत न्हाई काय तुमच्यात?"

मोरीजवळ उभी राहून मी वाटीत बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
अळणीच होता.

मीठ घातलं, हलवलं, पुन्हा बोट.
दोन चमचे घेतले तिनं.
तिसरा हनुवटीवरून ओघळला
तो मी माझ्याच पदरानं पुसला.
सासरी घेऊन जाणार आहे हे लुगडं,
वास जायचा नाही त्याचा.

माझा जन्म एक नोव्हेंबरचा.
रस्त्यावर लाल-पिवळ्या पताका
आणि आमच्या घरात
तिच्या दंडाला काळी फीत, चूल थंड.
मैत्रिणींना मी सांगायचे,
आमच्यात वाढदिवस करत नाहीत.
आता मी सरकारी कन्नड शाळेत शिकवते.
त्याच दिवशी झेंड्याच्या गाठीत
पाकळ्या भरते, दोर तपासते.
ते काम माझं, बारा वर्षं.

यंदा रजा टाकली.
सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा लागला
तशी तिनं नजरेनं ट्रंक दाखवली.
फीत रेशनकार्डाखाली होती,
काळ्याची तपकिरी झालेली.
दंडावर ठरेना, मनगटाला बांधली.
तीन वेढे बसले, मग चौथा.
"घट्ट नको."
"नाही."

बराच वेळ गेला. मला वाटलं, झोप लागली.
"शाळेला न्हाई गेलीस?"
"रजा घेतलीय."
"मग झेंडा कोण लावणार?"

मी तिच्याकडे बघत राहिले.
"लावेल कोणीतरी."
"असं कसं कोणीतरी," ती म्हणाली,
"पगार घेतीस न्हवं?"

वाढदिवसाचं ती बोलली नाही. मीही नाही.
मग लाईट गेली आणि होसूरांचे माग
एकामागून एक थांबले.
फितीचं एक टोक सुटलं होतं.
ते मी आत खोचलं
आणि चमचाभर पाणी
तिच्या ओठांना लावलं.