चुलीचं तोंड

अशफाक होडेकरनं मालवणाहून टेम्पोत घालून आणली
तेव्हा ती बोकडासारखी बांधलेली होती,
चारी पाय ताठ.
डिझेलच्या पिंपाची शेगडी, आतून विटा, वर नळी.
"धूर आता तुमच्या डोळ्यांत नाय, वयनी,
थेट आभाळात."

आधी जुनी काढायची होती.
पहाटेची आग मी करवंटीत उचलून ठेवली,
कोपऱ्यात, मांजराच्या पिल्लासारखी,
आणि चुलीवर हळदीचं बोट ओढलं.
दुसरं काय करतात, मला ठाऊक नव्हतं.
चूल मोडताना म्हणायचं काही
आमच्यात कुणी सांगून ठेवलेलं नाही.

पहारीच्या तिसऱ्या घावाला चिरा हलला
आणि सारवण वहीसारखं उलगडलं.
एकोणतीस वर्षं, दर अवसेला एक थर,
शेण, राख, शेण, राख,
मध्येच एक पिवळट पान:
त्या साली गाय विकली होती,
सुहासिनी खवणेकरणीकडून शेण मागून आणायचे.
वैलाखाली जाळ्याचं शिसं निघालं,
वितळून पसरलेलं, जिभेसारखं.
यांनी ते बघितलं, खिशात टाकलं.
कधी हरवलं, विचारलं तर म्हणाले,
"ऱ्हवांदे."

मग अशफाक शिडीवर चढला,
नळीसाठी कौलं काढायची म्हणून,
आणि वरूनच ओरडला,
"वयनी, तोंड खंय करूचां?"

मला कळेचना.
तोंड करायचं असतं होय?
सासऱ्यांनी चूल घातली ती भिंतीला धरून,
रांधणारीनं उगवतीकडे बघावं म्हणून.
मी आले, पाटावर बसले, उगवतीकडे बघितलं:
भिंत.
काळी, मग जास्त काळी.
पाठीमागे मागीलदार, दारापुढे सुरूची चार झाडं,
त्यापुढे तळाशिलाचा अख्खा समुद्र.
चूल माझ्या खांद्यावरून
एकोणतीस वर्षं तो बघत होती.
मी नव्हते.

"फिरव," मी म्हटलं.
"फिरव म्हंजे?"
"मी हंय बसतलंय. भिंतीक पाठ लावन."
अशफाकनं यांच्याकडे बघितलं.
हे शिडी धरून उभे होते, शिडीच धरून राहिले.

आता खरं सांगायचं तर
भाकरी तशी फुगत नाही.
कडेला दोनदा हात भाजला, लोखंड सांगत नाही तापलंय म्हणून.
पिढे मावत नाहीत, कोयत्याने तोडावे लागतात.
आणि माळ्यावर धूर जात नाही तर
सोलांना बुरशी आली,
वाशांतून भुंग्याचा भुसा पडतो पेजेत.
सुहासिनी येऊन बघून गेली, म्हणाली,
"पाय असलेली चूल. उद्या चालाक लागात."

पण सकाळी दहाच्या सुमाराला
मी सुरूचं लाकूड सारते आणि वर बघते.
पूर्वी मला होडी यायची ती कानांनी:
आधी इंजिन, मग कावळे, मग लिलावाचा गलका,
आणि मग बराच वेळ काही नाही,
मग यांचे पाय धुण्याचा आवाज.
तो मधला वेळ कसला, विचारलं होतं एकदा, नव्यानवलाईत.
"वाळूत पाय रुततत," म्हणाले होते.
मी मानलं होतं. रुततात की.

आता दिसतं.
टोपल्या जातात, पोरं जातात, कुत्रीसुद्धा जातात,
आणि हे होडीच्या सावलीला बसतात
पाण्याकडे तोंड करून.
विडी नाही, फोन नाही.
हात मांड्यांवर, कुणाचे तरी ठेवायला घेतल्यासारखे.
एवढंच.
कधी विडीएवढा वेळ, कधी भात शिजण्याएवढा.

मी विचारलं नाही.
हेही सांगत नाहीत की आता मला दिसतं,
हे त्यांना ठाऊक आहे.
परवा बसण्याआधी एकदा
दाराकडे बघितलं त्यांनी, आणि तरी बसले.

शेगडीला एक झडप आहे,
आग कमी करायची, विझवायची नाही.
ते बसले की मी ती अर्धी लावते.
उठून लुंगी झटकली
की चहा टाकते.