बोट वर, बोट खाली

नॉर्थ डकोटातली एक शेड, बाहेर उणे बावीस.
ऑर्विल टेसमर पत्रा ठोकतोय
एल्मच्या बुंध्यात कोरलेल्या खळग्यावर.
पत्रा धान्याच्या कोठीचा,
गेल्या वादळात आडवी झालेली ती.
मागचं मडगार्ड त्यातूनच निघायचंय.

आराखडा म्हणजे फरशीवर खडूनं काढलेली
खऱ्या मापाची गाडी.
कुत्रं तिच्यावरून चालत गेलं,
म्हणून एक चाक पुसट.

डॅशबोर्डला रस्त्याकडेची पाटी, उलटी बसवलेली.
आत बसलं की फक्त गुडघ्यांना वाचता येईल:
वेगमर्यादा पंचावन्न.

चाळीस वर्षं हातोडा. कान गेले.
पत्रा कुठं ताणला, कुठं सैल पडला,
हे पत्राच सांगत असतो. ऐकणार कोण?
म्हणून लोरीन.
शाळेतून आली की उलट्या बादलीवर बसते.
बोट वर: ठणठणीत.
बोट खाली: भद्द.
मग गॅसची ज्योत, लाल ठिपका,
ओलं फडकं, चर्र.
पुन्हा.

दाराला पत्रा पुरेना.
तेव्हा पडवीतला जुना फ्रीज सोलला दोघांनी.
आईचा.
आई आता फार्गोला असते.
बाक त्याला आयताच होता,
कुण्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातचा.
कडीसुद्धा तीच ठेवली.

इंजिन अजून नाहीच.
पण आज दार बसलं.
लोरीननं ते उघडलं, लावलं.
खट्.
रात्री पाणी प्यायला कुणीतरी उठायचं, तो आवाज.

ऑर्विल तिच्या बोटाकडे बघतोय.
बोट अजून
हातमोज्यातच आहे.