अदलाबदल

फ्लेक्स रात्रीच छापून झाला होता, दहा बाय सहा.
शिवतेज खरमाटे, पलूसचा वाघ,
मांडीवर थाप मारताना, मागे ज्वाळा
(ज्वाळांचे मी वेगळे पैसे घेत नाही),
खाली शुभेच्छुक म्हणून आमचे पासपोर्ट फोटो.
शाई ओली होती तेवढ्यात जावेदचा फोन:
"टांगू नकोस. गुडघा फेल झालाय."

फेल.
बारावीचं पोरगं व्हावं तसा.

सकाळी घोरपडे पेठेतल्या टपरीवर
सगळं मंडळ हजर, आणि सगळेच हाडांचे डॉक्टर.
पेन्शनर आगाशे म्हणाले, "मी बोललोच होतो."
ते काहीही बोलले नव्हते.
जावेद रिक्षात मागच्या सीटवर पाय पसरून:
"सांगलीकरांनी माल पॉलिश करून दाखवला, दुसरं काय."
कुणी म्हणालं, एमआरआयचं मशीनच जुनं,
कुणी म्हणालं, डॉक्टर कोथरूडच्या क्लबचा,
आणि त्या राखाडी, ढगाळ गुडघ्याचा फोटो
या मोबाइलवरून त्या मोबाइलवर.
आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला,
पत्रिकेत मंगळ शोधावा तसा.

गौतमी भालेराव, फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला,
तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.
"इथे लिगामेंट असतं."
आम्ही नसलेल्या गोष्टीकडे बघत राहिलो.
"आणि काका, एखाद्याचा रिपोर्ट
असा चहाबरोबर फिरवतात का?"
मोबाइल खिशात गेले. पाचेक मिनिटं.

शिवतेज घेताना आम्ही कोण देत होतो,
ते मात्र कुणी काढलं नाही.

निवृत्ती लोणकर. डावा कोपरा. अकरा हंगाम.
नाव पुकारलं की समोरचे हसायचे,
हसता हसता चढाईला यायचे,
आणि मग त्यांचा घोटा त्याच्या हातात.
गेली दोन वर्षं मात्र घोटे निसटायला लागले होते.
निरोपाला आम्ही शाल दिली, नारळ दिला,
टाळ्या जरा जास्तच वाजवल्या.
मनात मी म्हणालो, सुटलो बाबा.
टाळ्यांच्या आवाजावरून कळतं,
मी एकटा नव्हतो.
त्याचेही गुडघे तिकडे तपासले म्हणे.
दोन्ही पास.

साडेनवाला तो स्वारगेटवरून चालत आला,
खांद्याला तीच बॅग, चेन तुटलेली.
आम्ही कपात बघायला लागलो.
आगाशे म्हणाले, "वा वा! आलास!"
आणि पुढे त्यांना काही सुचेना.
निवृत्तीनं हाफ चहा घेतला, उभ्यानंच.
म्हणाला, "पोराचा फोन आला होता मला.
रडत होता. एकवीसचं वय हो त्याचं.
विचारत होता, काका, तुमचं माझ्यामुळे हुकलं का."
"मग तू काय म्हणालास?"
"म्हटलं, आधी जेव."

पैसे त्याचे त्यानेच दिले.
जावेदनं नको नको म्हटलं, पण हात खिशात घातला नाही.

मी त्याच्या मागोमाग चार पावलं गेलो.
"निवा, तुझा एक मोठा फ्लेक्स करतो. माझ्याकडून."
तो माझ्याकडे पाहत राहिला,
पकडीआधी पाहतो तसा, चेहऱ्याकडे नाही,
पायांकडे.
"लहान कर," म्हणाला. "आणि ज्वाळा नकोत."

संध्याकाळी मैदानावर एकच हॅलोजन चालू होता.
सात जण उभे राहिले, डावा कोपरा आपोआप रिकामा सोडून.
चार नंबरची जर्सी तो जावेदच्या पोराला देऊन गेला होता.
पोरगं घरी पळालं, घेऊन आलं,
आठ दिवस अंगातून न काढलेली, चिखलाची, घामट.
"धुवायची राहिलीय," म्हणालं.

त्यानं ती तशीच डोक्यातून घातली.